पाटोद्याहून बीडला निघालेलं दूध

मित्रांनो, अंग निळं, झाकण पांढरं, पोट चौकोनी आणि एका बाजूची कडी तुटलेली, असा मी लस नेण्याचा एक जुना थंड डबा आहे. पोलिओच्या रविवारी ताईंच्या खांद्याला लटकलेला माझ्यासारखा डबा तुम्ही नक्की पाहिला असेल. माझं वय आता बरंच झालं. पण पंधरा दिवसांची एक हकिकत माझ्याजवळ आहे, आणि ती सांगायला घेतली की अजूनही मी नव्यासारखा उतावीळ होतो!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून माझ्या दोन भिंती निघाल्या आणि त्यांच्या मधल्या पोकळीत फेस भरला गेला. तो फेस वाळून घट्ट झाला आणि तोच माझा खरा जीव ठरला. बाहेर कितीही ऊन असो, आतला गारवा तो बाहेर जाऊ देत नाही. माझ्या पोटात चार चपट्या बाटल्या बसतात. त्यांत पाणी भरून गोठवतात. त्यांना आइसपॅक म्हणतात. त्या चौघींच्या मधोमध जी जागा उरते तिथं लस बसते, ती माझ्या मानाची जागा.

एका ट्रकमधून मी बीडला आणि तिथून पाटोद्याच्या दवाखान्यात आलो. मला मंजुळाबाई सिस्टरांच्या हवाली केलं गेलं. काय दिवस होते ते! नुकतीच पोलिओची मोहीम सुरू झाली होती. वाड्या, वस्त्या, ओढे, बैलगाड्या, सगळं मी पाहिलं. "माझ्या डब्यात संध्याकाळपर्यंत बर्फ खडखडतो," असं मंजुळाबाई चारचौघांत सांगायच्या, तेव्हा मी फुगून जायचो.

तिसऱ्या वर्षी मात्र घात झाला. जीपमधून उतरताना मी दगडावर आपटलो आणि माझी एक कडी तुटली. झाकण घट्ट बसेना. लस फार नाजूक असते. तिला जराही ऊब लागून चालत नाही, म्हणून कडी तुटलेल्या डब्यात ती ठेवायची नाही असा नियम आहे. नियम बरोबरच होता, पण मी बाद झालो. मंजुळाबाईंनी मला बाळंतिणींच्या खोलीत टेबलाखाली सरकवलं. माझ्यात कापसाची गुंडाळी राहू लागली आणि माझ्यावर त्यांचा जेवणाचा डबा. दुसरे डबे रविवारी खांद्यावर बसून निघाले की मी टेबलाखालून त्यांच्याकडे बघत राहायचो.

आणि मग १९९८ चा एप्रिल आला!

पाटोद्याच्या स्टँडसमोर तेव्हा नव्या नव्या कोल्ड्रिंकच्या पाट्या लागल्या होत्या. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले होते. ऊन असं की स्टँडवरचं डांबर चपलेला चिकटायचं. त्या सोमवारी पहाटे एका वस्तीवरून सुकन्या नावाची मुलगी बाळंतपणासाठी आली. घर मेंढपाळांचं. सोबत नवरा लखन, सासरे बंकट आणि सासू साखराबाई. दिवस भरायला अजून दीड महिना बाकी होता आणि पोटात एक नव्हे, दोन जीव होते. सूर्य वर येईपर्यंत दोन्ही जन्मले. आधी मुलगा, दोन किलोचा. मागून मुलगी, एक किलो तीनशे. मंजुळाबाईंच्या पंजात तिचं डोकं आणि मनगटाच्या जरा पुढं तिचे पाय, एवढीच ती!

डॉक्टर म्हणाले, "मुलीला बीडला न्यावं लागेल. तिथं लहान बाळांच्या दवाखान्यात काचेची पेटी आहे, ऊब मिळेल. पण आईचं रक्त फार गेलंय. तिला दहा-बारा दिवस हलवायचं नाही." मग ते बंकटना म्हणाले, "तुम्ही मुलीसोबत जा. तिथले डॉक्टर पहिलं हेच विचारतील की आईचं दूध मिळेल का. काय सांगाल?"

बंकटनी सुनेकडं पाहिलं. सुकन्या डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "मिळंल म्हणावं."

मुलीला आणि बंकटना घेऊन जीप निघून गेली. आणि खोलीत लगेच वाद सुरू झाला. साखराबाईंनी कनवटीची मधाची बाटली काढली होती.

"पैलं दूध पिवळं असतंय, नासकं. तीन दिस पिळून टाकायचं. तवर पोराला मध चाटवायचा. आमच्याकडं असंच करतेत."

मंजुळाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "मावशी, मेंढी व्याली की तिचा पहिला चीक कुठं ओतता?"

"ओततेत व्हय कुटं?" साखराबाई चिडल्या. "कोकराला पाजतो की! चीक न्हाई भेटला तर कोकरू पायावर उभं ऱ्हात न्हाई. दोन दिसांत जातंय."

"मग आत्या," खाटेवरून सुकन्याचा बारीक आवाज आला, "माझ्या लेकराला कावून न्हाई?"

मित्रांनो, साखराबाईंनी बाटलीचं बूच लावलं आणि ती पुन्हा कनवटीला खोचली. म्हणाल्या, "दाव बाई, कसं पाजायचं ते."

मंजुळाबाईंनी मुलाला आईच्या उघड्या अंगावर ठेवलं, पोटाला पोट लावून. त्याचं डोकं एकीकडं आणि अंग दुसरीकडं वळू दिलं नाही. बोंडाचा स्पर्श त्याच्या वरच्या ओठाला केला. त्यानं मोठा आ वासला आणि त्याच क्षणी त्याला जवळ घेतलं. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, असं त्या सांगत होत्या. "हनुवटी टेकलीय ना? खालचा ओठ बाहेर मुडपलाय ना? मग बरोबर आहे. दुखलं तर करंगळी घालून अलगद सोडव आणि पुन्हा लाव. ओढू नकोस." मुलगा चोखू लागला. घोट गिळल्याचा आवाज मला टेबलाखाली आला!

"ह्याचं झालं," मंजुळाबाई म्हणाल्या. "आता बीडवालीचं."

साखराबाईंच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. "एकाला पाजून दुसरीला कुठून पुरंल वो? पोरीच्या अंगात रगत न्हाई."

"दोन कोकरं लागलेल्या मेंढीला दूध जास्त असतं की एक लागलेलीला?"

साखराबाई आता मात्र हसल्या. "दोन लागलेलीला. जेवडं वडतेत तेवडं उतरतंय."

"तसंच हे. एका बाजूला मुलगा पितोय ना, तेव्हा दुसरीकडं आपोआप पान्हा सुटतो. तेवढ्यात काढून घ्यायचं. आणि दर तीन तासांनी काढायचं. रात्रीही एकदा चुकवायचं नाही. काढलं नाही तर अंगाला वाटतं लेकरू एकच आहे."

त्यांनी एक स्टीलची वाटी, एक चमचा आणि झाकणाच्या लहान डब्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळल्या. फडक्यानं पुसल्या नाहीत. पालथ्या घालून वाळवल्या. "फडकं कितीही धुतलं तरी त्यात घाण राहते," त्या म्हणाल्या. सुकन्याचे हात साबणानं धुतले. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं कापड छातीला लावलं. साखराबाई मागं बसून सुनेची पाठ चोळू लागल्या. मग सुकन्यानं अंगठा वर आणि बोटं खाली, अशी काळ्या भागाच्या कडेला धरली. आधी आत छातीकडं दाबायचं, मग दोन्हीकडून दाबायचं, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. थोड्या वेळानं बोटांची जागा बदलायची.

पहिली पाच मिनिटं वाटी कोरडी. दहा मिनिटांनी तळाशी दोन थेंब. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "येत न्हाई, आत्या."

"येतंय गं. नवी मेंढीबी पैल्या दिशी असंच करती. हात थांबवू नको."

अर्ध्या तासानं वाटीत मधाच्या रंगाचा चीक जमला होता. किती? दोन चमचे! आणि मंजुळाबाई अशा हरखल्या, जणू घागर भरली होती. "पुष्कळ झालं! त्या बाळाचं पोट गोटीएवढं आहे. तिला पहिल्या दिवशी एवढंच लागतं."

"पर न्यायचं कशात?" लखन दारातून म्हणाला. "ह्या उन्हात बीडला जाईपर्यंत दही व्हायचं."

मंजुळाबाईंनी खाली वाकून थेट माझ्याकडे पाहिलं. "लसीला तू चालत नाहीस," त्या मला म्हणाल्या, "पण दुधाला चालशील."

मित्रांनो, माझ्यातला कापूस बाहेर निघाला, साबणाचं पाणी अंगावर पडलं, आणि मी पुन्हा कामाला लागलो!

दवाखान्याच्या फ्रिजमध्ये लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणून बर्फाची सोय स्टँडसमोर झाली. तिथं शिवशरण यांचं कोल्ड्रिंकचं दुकान होतं आणि दुकानात मोठा फ्रिज. दुकान बघायची त्यांची बायको नीलम्मा. मंजुळाबाईंनी तिला सगळं सांगितलं. नीलम्मानं लगेच वरच्या खणातल्या बर्फाच्या थाळ्या काढल्या आणि माझे चारही आइसपॅक आत ठेवले. मग खालचा मधला कप्पा रिकामा करू लागली. रंगीत बाटल्या तिनं बाहेर टोपलीत उभ्या केल्या.

"अहो सिस्टर, हा कप्पा आता बाळाचा," ती म्हणाली. "दूध कुठं ठेवू? दारात?"

"दारात नको. दार उघडलं की तिथं ऊब लागते. आत, पार मागं. सावलीतल्या गार खोलीत हे दूध चार तास टिकतं. पण आपल्याकडच्या ह्या उन्हात तासाभराचाही भरवसा धरायचा नाही. काढलं की लगेच थंडाव्यात. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसही राहतं, पण ते बाळ फार नाजूक आहे, म्हणून आपण एका दिवसाच्या वरचं द्यायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं मी लखनसोबत निघालो. माझी तुटलेली कडी लखननं लोकरीच्या दोरीनं आवळून बांधली. साखराबाईंनी मला घोंगडीत गुंडाळलं. "घोंगडं थंडीत ऊब धरतंय, तसा उन्हात गारवाबी धरतंय," त्या म्हणाल्या, आणि पुढं माझ्या लक्षात आलं की त्या शंभर टक्के खरं बोलल्या होत्या.

कंडक्टर सुंदरराव तिकिटं फाडत आले. "काय हाय बे ह्यात?"

"दूध हाय. लेकरासाठी."

"किती?"

"चार-पाच चमचे आसंल."

सुंदररावांनी घोंगडीकडं पाहिलं, लखनकडं पाहिलं. "चार-पाच चमच्याला एवढा डबा? गंमत करतो का?"

लखननं त्यांना सांगितलं. एक किलो तीनशेची मुलगी, काचेची पेटी, खाटेवरची आई. सुंदरराव ऐकत राहिले. मग त्यांनी मला स्वतः उचललं. "तिकडं बोनटपाशी ठेवू नको, इंजन तापतंय. खिडकीचं ऊनबी नको. इथं ठेव, माझ्या सीटखाली." त्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

बीडच्या दवाखान्यात बंकट काचेच्या खोलीबाहेर बसून होते. तिथल्या सिस्टरनं माझं झाकण उघडलं, आइसपॅक हलवून पाहिला. आत बर्फ खडखडला. "छान! गारच आहे," ती म्हणाली. डबी आत गेली. काचेतून बंकट बघत होते आणि मला सांगत होते, जणू मला कळतच होतं, "नळीतून सोडतेत रं. थेंब थेंब. पोटात गेलं बघ!"

मला कळत होतं, मित्रांनो. सगळं कळत होतं!

मग रोजचा फेरा सुरू झाला. दर तीन तासांनी काढून गार केलेलं दूध संध्याकाळपर्यंतचं, रात्रीचं, पहाटेचं आणि निघायच्या आधीचं, असं चार लहान डब्यांत. सुकन्याला आणि साखराबाईंना अक्षरओळख नव्हती, पण कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे कळायला तर हवं. साखराबाईंनी लोकरीचे धागे घेतले. संध्याकाळच्या डबीला एक गाठ, रात्रीच्या डबीला दोन, पहाटेच्या तीन, सकाळच्या चार. बीडच्या सिस्टरला बंकटनी समजावलं, एक गाठवालं आधी वापरायचं. ती म्हणाली, आमच्या चिठ्ठ्यांपेक्षा हे सोपं आहे.

चुकाही झाल्या. एकदा साखराबाईंनी नुकतं काढलेलं कोमट दूध फ्रिजमधल्या गार दुधात ओतलं. मंजुळाबाईंनी हात कपाळाला लावला. "मावशी, कोमट पडलं की गार दूधही कोमट होतं. मग ते टिकत नाही. आधी नवं वेगळं गार करायचं, मग हवं तर एकत्र." एकदा दुधावर साय धरल्यासारखा पिवळा थर आला, खाली पाण्यासारखं निळसर. लखन घाबरला, नासलं म्हणून. पण ते नासलेलं नसतं, नुसतं वेगळं होतं. डबी हळूच गोल फिरवली की पुन्हा एक होतं. गरम करायचं तर चुलीवर कधीच नाही. कोमट पाण्यात डबी धरायची. पाजून उरलेलं परत ठेवायचं नाही. इतकं सगळं माझ्या डोळ्यांदेखत ही माणसं शिकत होती.

दुपारी लाइट गेली की नीलम्मा फ्रिजला पाठ लावून उभी राहायची. गिऱ्हाईक थंड मागायचं. ती म्हणायची, "लाइट आल्याबिगर दार उघडणार न्हाई. आत लेकराचं जेवण हाय."

पाचव्या दिवशी मात्र सगळं बिघडलं. दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर बंकटचा फोन आला. मुलीचं वजन घटलं होतं, एक किलो दोनशे. लखननं ती बातमी सुकन्याला सांगितली आणि त्या संध्याकाळी तिची वाटी तळ झाकण्याइतकीसुद्धा भरली नाही. मंजुळाबाईंनी परोपरीनं सांगितलं की पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, मग चढतं. तिला पटत होतं, पण दूध उतरत नव्हतं. "मी तिला नीट पायलंबी न्हाई," एवढंच ती म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ रिकामाच बीडला गेलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड प्रवास होता. बंकटनी डबीत पाहिलं. मग आत जाऊन सिस्टरशी काहीतरी बोलून आले. परतताना माझ्या पोटात, गार नसलेल्या कोरड्या पिशवीत, त्यांनी एक वस्तू ठेवली. मुलीची टोपी. मोसंबीएवढ्या डोक्याची, दोन दिवस तिनं घातलेली.

पाटोद्यात झाकण उघडलं. सुकन्यानं ती टोपी हातात घेतली. नाकाशी धरली. डोळे मिटून ती बराच वेळ नुसता वास घेत राहिली. आणि काय सांगू मित्रांनो, तिच्या पदरावर दोन्हीकडं ओल पसरत गेली! साखराबाई ओरडल्या, "वाटी! आगं वाटी कुटंय!" लखन धावला, मंजुळाबाई धावल्या, उकळलेली वाटी आली आणि त्या एका बैठकीत ती अर्धी भरली. टोपी मांडीवर घेऊनच सुकन्या पुढं रोज बसायची.

वजन थांबलं. मग वीस ग्रॅम वाढलं. फोन आला की शिवशरण दुकानातून आरोळी द्यायचे, "वीस!" "पंचवीस!" आणि स्टँडवरची रिक्षावाली मंडळीसुद्धा माना डोलवायची.

दहाव्या दिवशी बीडहून निरोप आला की उद्या नळी काढून मुलीला पहिल्यांदा चमच्यानं पाजून पाहणार. आजचं दूध उद्या सकाळपर्यंतच पुरेल, तेव्हा उद्याचा डबा वेळेवर हवा. दुसऱ्या दिवशी माझ्यात चार भरलेल्या डब्या होत्या. सुंदररावांनी मला सीटखाली ठेवून वर एक गोणपाट टाकलं. मांजरसुंब्यापर्यंत सगळं ठीक. पुढं घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. वळणावर उसाचा ट्रक आडवा झाला होता. दोन्हीकडं रांगा. दहा वाजले, अकरा वाजले. पत्रा असा तापला की हात लावता येईना.

लखन सारखा माझ्या घोंगडीवर हात ठेवून बघत होता. त्यानं झाकण मात्र एकदाही उघडलं नाही. शेवटी सुंदररावच म्हणाले, "लखन, ही गाडी दोन घंटे हलत न्हाई. घाटाखालून बीडकडं वाहनं मिळतील. पर खाली जायचं कसं? रस्त्यानं लई लांब पडंल."

"रस्त्यानं कावून जाऊ?" लखन म्हणाला. "मेंढराची वाट हाय की."

आणि त्यानं मला पाठीला बांधलं! डोंगराच्या अंगानं, करवंदीच्या जाळ्यांतून, सुट्या दगडांवरून तो उतरू लागला. कितीतरी वेळा त्याचा पाय सटकला, पण पडायची वेळ आली की तो मागं न पडता पुढं गुडघ्यावर पडायचा. मागं मी होतो ना! माझ्या पोटात बर्फ खडखडत होता, आधी जोरात, मग मंद, मग पाण्याचा डुबुक डुबुक आवाज वाढत गेला. मी माझ्या दोन्ही भिंती आवळून धरल्या. इतकी वर्षं साठवलेला सगळा जीव मी त्या उतारावर पणाला लावला.

खाली रस्त्याला गायीच्या दुधाचा टेम्पो उभा होता. गहिनीनाथ नावाचा ड्रायव्हर टायरला पाणी मारत होता. लखनला दम लागला होता, बोलता येईना. त्यानं पाठीवरच्या घोंगडीकडं बोट केलं आणि म्हणाला, "दूध. लेकराचं."

"माझ्याकडंबी दूधच हाय," गहिनीनाथ म्हणाला. "बस."

केबिनमध्ये त्यानं मला पायांशी सावलीत ठेवायला लावलं. बीडमध्ये डेअरीच्या आधी टेम्पो दवाखान्याच्या दारात गेला. एक वाजून गेला होता. बंकट फाटकापाशी उभे होते. सिस्टरनं दोरी सोडली, घोंगडी उलगडली, झाकण काढलं, एक आइसपॅक कानाशी धरला. तिनं तो हलवला.

खड्. बारीकसा. पण होता!

"बर्फ आहे!" ती म्हणाली. "दूध चांगलं आहे!" बंकटनी चारही डब्या काढून तिच्या हातात दिल्या. थोड्या वेळानं काचेआड, एक गाठवाल्या डबीतलं दूध कोमट पाण्यात धरून, चमच्याच्या टोकानं मुलीच्या ओठाशी लागलं. तिनं जीभ बाहेर काढली. चाटलं. गिळलं. लखनच्या गुडघ्यांतून रक्त येत होतं आणि तो हसत होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी सुकन्याला प्रवासाची परवानगी दिली. मुलाला छातीशी घेऊन ती आणि साखराबाई बीडला निघाल्या. मी रिकामाच सोबत होतो, लागलो तर असू दे म्हणून. मुलीचं वजन एक किलो तीनशे ऐंशी झालं होतं. सिस्टरनं सुकन्याला आत नेलं, पदराआड मुलीला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड पांघरलं. "आईच्या अंगाची ऊब पेटीहून चांगली," ती म्हणाली. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला दिसलं.

बराच वेळ मुलगी नुसती पडून होती. मग तिनं डोकं हलवलं. नाकानं शोधलं. तोंड उघडलं, लागली, सुटली. पुन्हा लागली. दोनदा चोखून दमली आणि थांबली. कुणी घाई केली नाही. बाटली कुणी पुढं केली नाही. सुकन्यानं एक थेंब काढून तिच्या ओठावर लावला आणि वाट पाहिली. मुलगी तिसऱ्यांदा लागली. आणि ह्या वेळी तिनं सोडलं नाही.

सिस्टर वही घेऊन बाहेर आली. सवयीनं तिनं विचारलं, "उद्याचा डबा किती वाजता येईल?"

साखराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि ताठ उभ्या राहिल्या. "उद्यापसून डबा न्हाई," त्या म्हणाल्या. "आई आलीया."

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी पाठीला बांधलं नाही. मंजुळाबाईंना विचारून साखराबाईंनी मला, दोन्ही लेकरांच्या मागोमाग, वस्तीवर नेलं आणि मी आज त्यांच्या घराच्या कोपऱ्यात धुळीत बसलेला असतो. पण त्या वस्तीवर एखादी बाळंतीण झाली की मला दारातून साखराबाईंचा आवाज ऐकू येतो, "चीक टाकायचा न्हाई! मध न्हाई, पाणी न्हाई, सहा महिने निस्तं आईचं दूध!" आणि माझा एकटेपणा पार पळून जातो.

माझी तुमच्याकडं एकच विनंती आहे. माझ्यासारख्या वस्तू सांभाळा, पण त्याहून आधी आईला सांभाळा. तुमच्या घरात, तुमच्या शेजारात कुणी नवी आई असेल, तर ती बाळाला घेऊन बसली की तिला पाण्याचा तांब्या नेऊन द्या. वेळेवर भाकरी वाढा. तिच्याजवळचं दुसरं काम तुम्ही उचला. आणि ती पाजत असताना कुणालाही, अगदी कुणालाही, तिला "लवकर आटप" असं म्हणू देऊ नका.